लाईट आली म्हणून पाणी?

आज पिकाबद्दल नाही, खिडकीतल्या एका कुंडीबद्दल लिहितोय. हसू नका.

लेक पुण्यात नोकरीला असते. दोन वर्षांमागं दिवाळीला येताना तिनं हावर्थियाचं रोप आणलं. कोरफडीच्या कुळातलं, मुठीएवढं, पानांवर पांढरे पट्टे. मूळ दक्षिण आफ्रिकेतलं. तिथं ते खडकाच्या, झुडपांच्या आडोशाला वाढतं, म्हणून घरातल्या उजेडाच्या खिडकीत टिकतं. कडक ऊन लागलं की पानं तांबूस पडतात, अंधारात ठेवलं की लांबट आणि फिकी होतात.

लेक म्हणाली, "पप्पा, याच्याकडं जरा दुर्लक्षच करा." पण आपला हात राहतोय व्हय? रोज चहा झाला की पेलाभर पाणी. महिन्याभरात पानं मऊ, पाणचट. उपटलं तर मुळं काळी, सडलेली.

तेव्हा मला माझी दीड एकर डाळिंबाची बाग आठवली. जमीन भारी. लाईट आली की ड्रिप चालू, रात्रीची आली तर रात्रभर. वाफसा कधी बघितलाच नाही. मर लागून झाडं वाळली तेव्हा मी रोपांना, औषधांना, हवामानाला नावं ठेवली. मरीची बुरशी जमिनीत असते हे खरं, पण सततची ओल तिला मीच पुरवली.

कुंडीतलं एक पिल्लू चांगलं होतं. ते तोडून दोन दिवस सावलीत सुकवलं, मग लावलं. भोकाची मातीची कुंडी, दोन भाग जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे, एक भाग माती-गांडूळखत. आता काडी तळापर्यंत खुपसून बघतो. कोरडी निघाली तरच भोकातून निथळेपर्यंत पाणी, आणि ताटलीत साचलेलं ओतून देतो. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा हात आणखी आखडता. वाढ अगदी सावकाश, पण जगलंय.

हे झाड पानांची रंध्रं रात्री उघडतं, दिवसा मिटतं, म्हणून पाणी कमी उडतं. ड्रॅगन फ्रूटचीही तीच रीत. तरी त्याला उसासारखं पाणी देणारे आपल्यात आहेतच.

माझं मत असं की पाणी देणं म्हणजेच माया, हा आपला गैरसमज आहे. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. कुणी म्हणेल, लाईट आपल्या हातात नाही. माझीही तीच अडचण आहे. पण लाईट आली म्हणून पाणी सोडलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? मी आता वीतभर खोल माती काढून मुठीत दाबतो. हाताला चिकटून चिखल होत असेल तर व्हॉल्व्हला हात लावत नाही.

सल्लागार मंडळींनाही विनंती, नुसतं 'रोज इतके तास' सांगू नका. माती बघायला शिकवा.

तुम्ही पाणी घड्याळ बघून देता की माती बघून? खरं खरं सांगा.