टोमॅटो बाजाराला राहू द्या

पावसाळ्याच्या तोंडावर शहरांतल्या रोपवाटिकांमध्ये झुंबड उडते. टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी, स्ट्रॉबेरी आणि अलीकडे ड्रॅगन फ्रूट. जोडीला कोकोपीटच्या विटा, गांडूळखताची पिशवी, निमतेलाची बाटली. घरी येईपर्यंत खिसा बऱ्यापैकी हलका झालेला असतो. दिवाळीपर्यंत यातल्या कितीतरी कुंड्या जिन्याखाली रिकाम्या रचून ठेवलेल्या दिसतात. मग घरातले म्हणतात, ‘निगा राखायला वेळ कुणाला आहे?’ वेळेचा प्रश्न असतोच. पण मुळात चुकलेली असते ती खरेदीची यादी.

‘आता भाजी विकत घ्यायला नको’ ही घरबागेची सर्वात लोकप्रिय जाहिरात. तिचा हिशेब मांडून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, आणि त्यात बटाटा-रताळी धरलेली नाहीत. चौघांच्या घराला रोज १ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ४८ किलो. कुंडीतल्या टोमॅटोने सगळ्या हंगामात मिळून दोन-तीन किलो दिले तरी घरात कौतुकाचा विषय होतो. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून पाचजणांच्या कुटुंबाला सुखाने जगता येईल असा शेतीचा आराखडा मांडला, तोही दहा गुंठ्यांचा होता. दहा गुंठे म्हणजे जवळजवळ ११ हजार चौरस फूट. फ्लॅटची बाल्कनी चाळीस-पन्नास चौरस फुटांची.

तेव्हा सगळी भाजी घरी पिकवण्याचा नाद सोडलेला बरा. टोमॅटो तर सोडावाच. जुन्नर आणि नाशिककडचे शेतकरी तो इतका पिकवतात, की भाव कोसळला की नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतला क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले जातात. त्यांच्याशी आठव्या मजल्यावरून स्पर्धा कसली करायची? शिवाय टोमॅटोला रोज सहा तासांचे थेट ऊन लागते. समोर दुसरा टॉवर उभा असलेल्या घरात तेवढे ऊन येतच नाही. मग झाड नुसते उंच वाढते, पानांवर नागअळीच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि फुले गळतात.

वेलभाज्यांची कथा आणखी वेगळी. दुधीला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि परागाची ने-आण बहुतांशी रात्री फिरणारे पतंग करतात. उंच इमारतीत पतंग फिरकला नाही, की मादी फुलाखालचा इवला दुधी पिवळा पडून गळतो. घरातले लोक त्याला खत कमी पडले असे समजून आणखी खत घालतात. खरे तर दिवेलागणीला नर फूल खुडून मादी फुलावर हलकेच टेकवायचे असते. लाल भोपळ्याला हेच काम भल्या पहाटे करावे लागते, कारण त्याची फुले ऊन चढले की मिटतात. ज्याला हा खटाटोप जमतो त्याने खुशाल दुधी लावावा. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी तोंडली आहे. तिच्या लागवडीतल्या बहुतेक वेलींना परागीभवनावाचूनही फळ धरते, रोप बियांपासून नव्हे तर वेलीच्या तुकड्यापासून होते आणि एकदा रुजली की वेल वर्षानुवर्षे टिकते.

कोकणातल्या परसाकडे नीट पाहिले तर तिथली निवड किती विचारपूर्वक केलेली असते हे कळते. न्हाणीघराचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि केळ. सावली आणि ओल अळूला मानवते; काळ्या देठाचे वडीसाठी, हिरव्या देठाचे फदफद्यासाठी. कुंपणाला शेवगा, ज्याच्या शेंगांइतकाच पाला महत्त्वाचा. गोकुळाष्टमीला त्या पाल्याची भाजी ठरलेली. कुठे मायाळूचा वेल, कुठे पानओवा, दाराशी कढीपत्ता, गवती चहाचे बेट. यातले बरेचसे बहुवर्षायू. रोज थोडे खुडावे आणि पुन्हा फुटावे अशा जातीचे. आणि गंमत म्हणजे यातल्या कितीतरी गोष्टी सुपरमार्केटच्या थंड कपाटात मिळत नाहीत. मायाळू तर भाजीवाल्याकडेही सहसा नसतो. घरबागेची खरी जागा इथे आहे. मेथीसाठी तर कुंडीही लागत नाही: मुंबईत वाळूत उगवलेल्या कोवळ्या समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, तशी मेथी पसरट तबकात दोन-तीन आठवड्यांत खुडायला येते.

निवडीचा हाच प्रश्न बियाण्याचाही. रोपवाटिकेतले संकरित रोप चांगले फळते, पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी तेच गुण उतरतील याचा भरवसा नाही. दरवर्षी पुन्हा दुकान. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच्या उलट वाटेने गेल्याबद्दल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल, घेवडा आणि पालेभाज्यांचे गावठी वाण आपल्या परसात जपले, वाढवले आणि गावोगावच्या बायकांना वाटले. शहरातल्या माणसाला त्यांच्यासारखी बियाणे बँक काढायची गरज नाही. घेवड्याच्या चार शेंगा वेलीवर वाळू द्याव्यात, एवढे पुरे.

राहिला मातीचा प्रश्न, आणि गच्चीवर बाग करायची म्हटली की सोसायट्यांचे भांडण नेमके इथेच पेटते. गच्ची गळेल किंवा भाराने खचेल ही समितीची भीती निराधार नाही. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात. तेवढ्याच जागेत फूटभर ओली माती टाकली तर ती पाचशे किलोच्या आसपास भरते. वाफे बांधून माती ओतणाऱ्यांना अडवलेच पाहिजे. पण माती हा एकच मार्ग नाही. दाभोळकरांच्या विचारांवर चालणाऱ्यांनी पालापाचोळा, उसाचे चिपाड आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून हलके माध्यम तयार केले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरावरच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच पद्धतीने फळझाडांसह मोठी बाग उभी केली, आणि तिला खत मिळाले ते खालच्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचे. तिथे कचरा आणि बाग ही एकच व्यवस्था होती. आपल्याकडे ओल्या कचऱ्याचे पिंप सोसायटीच्या एका कोपऱ्यात आणि विकतच्या खताच्या पिशव्या दुसऱ्या.

आणि गच्चीचाच हट्ट तरी कशाला? नव्या इमारतींच्या आवारात जमीन असते, पण तिच्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. सोव्हिएत मदत आटल्यावर क्युबातल्या हवानानेही भाजी पिकवली ती प्रामुख्याने शहरातल्या पडीक भूखंडांवर, वाफे आखून. सोसायटीच्या कुंपणालगतची तीन फुटांची पट्टी उकरली तर शेवगा, पपई, केळ, अळू आणि तोंडलीचा मांडव एवढे सहज बसते. पावसाचे पाणी जिरते ते वेगळेच. कुंपणापलीकडे गटार असेल तर त्या पाण्याचा स्पर्श मात्र भाजीला होता कामा नये. गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. पार्किंग आणि लिफ्टच्या देखभालीनंतर या पट्टीचा विषय पत्रिकेवर यावा, तिला पाणी कोण घालणार आणि शेंगा कशा वाटायच्या हे तिथेच ठरावे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये रोपवाटिकेत जाताना यादी वेगळी असेल.