मापटं एकच हवं

मैत्रिणींनो, या आठवड्यात दोन पत्रं मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवली आहेत.

पहिलं कल्याणकडच्या एका नोकरी करणाऱ्या भगिनीचं. त्या लिहितात, ‘सकाळच्या लोकलला बायकांच्या डब्यात आमचं भजन असतं. टाळ असतात, पाऊण तास कसा जातो कळत नाही. पण हल्ली एक नवी मुलगी रोज कपाळाला आठ्या घालून बसते. परवा तर म्हणाली, जरा हळू म्हणाल का? लोकांना आता देवाचंही वावडं झालंय का हो?’

दुसरं पत्र नाशिकचं. ‘मुलांना घेऊन लांबच्या गाडीने निघालो होतो. संध्याकाळी समोरच्या बाकावरच्या मुसलमान गृहस्थांनी दोन बाकांच्या मधे चटई पसरली आणि नमाज सुरू केला. आम्ही पाय वर घेऊन बसलो. चारचौघांच्या जागेत हे चालतं का?’

आता एक गंमत करून पाहा. पत्रांची अदलाबदल करा. नाशिकच्या ताईंसमोर त्या चटईवर पळी-पंचपात्र घेऊन संध्या करणारे आजोबा बसले असते, तर? ‘काय निष्ठा आहे या वयात!’ म्हणून आपण कौतुकाने पाय वर घेतले असते. आणि कल्याणच्या डब्यात रोज पाऊण तास दुसऱ्या कुठल्या धर्माची प्रार्थना मोठ्यानं चालली असती, तर? आठ्या कुणाच्या कपाळाला पडल्या असत्या, ते मी सांगायला नको.

वाण्याने घेताना एक माप आणि देताना दुसरं माप लावलं, तर आपण त्याला दारात उभं करत नाही. मग इथंच दोन मापटी का? गाडीच्या डब्यात प्रार्थना योग्य की अयोग्य हे ठरवायला चार गोष्टी पाहाव्यात. जागा, आवाज, वेळ आणि विस्तव. देव कुठला, हा त्यात प्रश्नच येत नाही.

जागा. तिकिटावर मिळालेली जागा आपली. बाकांमधली वाट, दार, तोंड धुण्याचं भांडं ही सगळ्यांची. शयनयानात दिवसा खालच्या बाकावर तिघांनी बसायचं असतं, हे विसरू नका. ‘माझं पारायण चाललंय, इथं बसू नका, सोवळं आहे’ असं म्हणण्याचा अधिकार तिथं कुणालाच नाही. पोथी मांडीवर घेऊन वाचावी.

नमाजाविषयी थोडं माहीत असलं की मनातला ताण कमी होतो. उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं अशा एका आवर्तनाला रकात म्हणतात. प्रवाशाला त्यांच्या धर्मातच सवलत दिली आहे. चार रकातींचा नमाज लांबच्या प्रवासात दोन रकातींवर येतो. उभं राहायला सोय नसेल तर बसूनही पढता येतो. म्हणजे काम पाच-सात मिनिटांचं. आपण बाळाची दुधाची बाटली विसळून येतो तेवढ्यात होतं. चटई पसरणाऱ्यानेही आधी ‘पाच मिनिटं जागा देता का?’ असं विचारावं आणि येण्याजाण्याची मुख्य वाट मोकळी ठेवावी. विचारलं की अर्धी कुरबूर तिथंच संपते.

आवाज. माळ ओढणाऱ्याचा आवाज शेजारच्याला येत नाही. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती बायका रोझरीचे मणी सरकवत असतात, ओठ तेवढे हलतात. आपली रामरक्षाही तशी म्हणता येते. खरी कटकट होते ती मोबाईलमुळे. सकाळी सहाच्या आत एकाच्या खिशात आरती, दुसऱ्याच्या खिशात कव्वाली, तिसऱ्याकडे प्रवचन! कानात घालायची यंत्रं कशासाठी आहेत? रात्री दहानंतर मोठ्यानं बोलू नये, गाणी लावू नयेत, अशा सूचना रेल्वेने जानेवारी २०२२ मध्येच दिल्या आहेत. त्यात भक्तिगीताला सूट नाही बरं का! आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ध्वनिवर्धकांच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलं, की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. तो खटला मद्रासमधल्या एका चर्चचा होता. पण निकाल आपल्या सगळ्यांना लागू पडतो.

वेळ. आषाढीला पंढरपूरच्या खास गाडीत रात्रभर गजर झाला तरी कुणी तक्रार करत नाही. तिथं डब्यातला प्रत्येकजण त्याचसाठी निघालेला असतो. रोजच्या लोकलचं तसं नसतं. तिथं कुणी परीक्षेला निघालेली असते, कुणाच्या घरी आजारी माणूस असतो. कुणी परिचारिका रात्रपाळी करून परतत असते आणि तिला तेवढीच पाऊण तास झोप मिळायची असते. म्हणून दोन-तीन अभंग म्हणावेत, थांबावं, डब्याचा रागरंग पाहावा. आणि मंडळातल्या मैत्रिणींसाठी पिशव्या टाकून जागा अडवणं तर अगदी बंद! देवाच्या नावाने धरलेली जागा उभ्या असलेल्या गर्भार बाईला मिळाली नाही, तर त्या भजनाचं पुण्य कुणाला लागणार?

विस्तव. इथं मात्र ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणायची सोय नाही. निरांजन, कापूर, उदबत्ती, धूप, काहीही गाडीत पेटवू नये. पडदे, गाद्या, प्लॅस्टिक, त्यातून वारा. एक ठिणगी पुरते. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंचा डबा जळाला आणि नऊ जीव गेले. कारण काय, तर नियम मोडून आत नेलेला स्वयंपाकाचा गॅस. ज्वालाग्राही पदार्थ गाडीत नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दसऱ्याला बायका डबा सजवतात, तोरणं लावतात. हौस जरूर करा. फुलं वाहा, हळदकुंकू लावा, हात जोडा. ज्योत मात्र घरच्या देवापुढे.

हे झालं प्रार्थना करणाऱ्याचं. आता शेजारी बसणाऱ्याचं, कारण जबाबदारी दोन्हीकडे असते.

कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नये, असा त्यांच्यात संकेत आहे. थोडं थांबा. मुलाला अगदी घाईची लागली असेल तर त्यांच्याबरोबरच्या माणसाला हळूच सांगा, तो वाट करून देईल. पारशी बाई हातपाय धुऊन कुस्ती सोडते-बांधते, तेव्हा तिच्याकडे टक लावून पाहू नये. मान वळवली की तिला तेवढाच आडोसा. जैन कुटुंबात सूर्यास्तानंतर अन्नपाणी घ्यायचं नसेल, तर दिवस मावळायच्या आत त्यांना डबे उघडायला जागा करून द्यावी. आपली मुलं नंतर जेवली तर काही बिघडत नाही. रमजानच्या दिवसांत समोरची बाई सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता बसलेली असते. मावळतीला तिला रोजा सोडायचा असतो, तेव्हा खिडकीजवळची जागा आणि मधलं टेबल पंधरा मिनिटं सोडलं तर आपलं काय जातं? आपल्या एकादशीला आपणही साबुदाण्याच्या डब्याला दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून जपतोच की!

प्रसाद द्यावा, पण आग्रह एकदाच. समोरच्याने नको म्हटलं तर तो देवाचा अपमान नव्हे. त्याचा उपास असेल, पथ्य असेल, नाहीतर त्याच्या धर्मात चालत नसेल. तसंच आपल्यापुढे कुणी ‘आमच्या देवाला या’ म्हणून पुस्तक धरलं, तर हसून ‘नको’ म्हणावं. भांडायचं कारण नाही.

नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसने गेलात, तर वाटेतल्या स्थानकांवर शीख मंडळी लंगरचं जेवण घेऊन उभी दिसतील. ताट पुढे करणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारत नाही. प्रवासात धर्म दाखवायचाच असेल तर असाही दाखवता येतो, नाही का?

आणखी एक. प्रार्थना करणाऱ्याचे, विशेषतः बाईचे, मोबाईलवर चित्रण करू नका. आपल्याला वाटतं, एवढंसं तर आहे. पण ते रात्रीत हजार घरांत पोचतं, आणि त्याखाली कोण काय लिहील ते आपल्या हातात राहत नाही. काही हरकत असेलच तर तोंडाने सांगा, नाहीतर तिकीट तपासनीसाला सांगा, किंवा १३९ या रेल्वेच्या मदतक्रमांकावर कळवा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय? तर ऐका. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत एका वृद्ध मुसलमान प्रवाशाला त्यांच्याजवळच्या मांसावरून संशय घेऊन तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. डबा माणसांनी भरलेला होता. हात उगारायच्या आधी नजर उगारलेली असते, टोमणा मारलेला असतो, आणि शेजारच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलेलं असतं. त्या टोमण्यापाशीच एखादी बाई शांतपणे ‘अहो, बसू द्या त्यांना, काय त्रास होतोय तुम्हाला?’ एवढं म्हणाली, तर पुष्कळदा प्रकरण तिथंच निवतं. सासर-माहेर सांभाळताना आपण अशी किती भांडणं निववली आहेत! तीच हातोटी डब्यातही वापरा. एकटीनं धाडस नको. शेजारच्या दोघींना बरोबर घ्या आणि वेळ आली तर लगेच १३९ ला फोन लावा.

आणि मुलं? ती मोठ्यानं विचारणारच, ‘आई, ते काका काय करतायत?’ त्या वेळी ‘गप्प बस, तिकडे बघू नकोस’ म्हटलं, की मुलाला कळतं इथं काहीतरी भीतीचं आहे. त्यापेक्षा ‘ते देवाची प्रार्थना करतायत, आजी संध्याकाळी करते तशी. झाली की बोलतील’ असं सांगा. एका वाक्यात मुलाचं समाधान होतं आणि समोरचा माणूसही मनातून सैल होतो. पुष्कळदा चटई गुंडाळून झाल्यावर पहिलं बिस्किट त्याच मुलाच्या हातात येतं.

तेव्हा नाशिकच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘चालतं’ असं आहे. पाच-सात मिनिटं होती, आवाज नव्हता, विस्तव नव्हता. त्यांनी आधी विचारायला हवं होतं, ही तुमची तक्रार मात्र रास्त. पुढच्या वेळी तुम्हीच म्हणा, ‘भाऊ, थोडं तिकडे सरकून पसरता का? मुलांना पाय टेकता येतील.’

आणि कल्याणच्या ताई, त्या मुलीला देवाचं वावडं नाही. ती ‘बंद करा’ म्हणाली नाही, ‘हळू म्हणा’ म्हणाली. उद्या तिच्या शेजारी बसा. कुठं नोकरी, किती वाजता उठतेस, विचारा तरी. आठवड्यातले दोन दिवस टाळ पिशवीत ठेवून नुसत्या गळ्यावर म्हणून पाहा. कदाचित एखाद्या दिवशी तीच तुमच्या सुरात सूर मिळवील. नाही मिळवला तरी तिची झोप होईल. तेही काही कमी नाही.

तुमच्या प्रवासात असा प्रसंग आला असेल आणि तो गोडीनं मिटला असेल, तर जरूर लिहा. कसा मिटला, ते सविस्तर कळवा. बाकीच्या मैत्रिणींना त्याचा उपयोग होईल.