माळ्यावरचं उकुलेले खाली काढा

लॉकडाऊनमध्ये पुष्कळ घरांत कुरिअरने एक चार तारांचं, खेळण्यातल्या गिटारीएवढं वाद्य आलं. आमच्याही घरी आलं. पोराने पंधरा दिवस खुडबुड केली, तालुक्याच्या गावी एका क्लासला जाऊन सिनेमाच्या चार गाण्यांचं खाजवणं शिकून आला आणि मग ते पिशवीसकट माळ्यावर गेलं. गेल्या वर्षी मी ते खाली काढलं. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही काढा, म्हणून हे लिहितोय. वय आड येत नाही. मी पन्नाशी ओलांडल्यावर सुरुवात केली आणि आता हवाई बेटांवरची तीन गाणी वाजवत गातो. नीट गातो असा दावा नाही.

आधी नावाचं बघू. आपण ‘युकेलेली’ म्हणतो. हवाईतली माणसं म्हणतात उ-कु-ले-ले. उकु म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणं. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर पिसवांसारखी उडतात, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. लेले आडनावाच्या मंडळींनी रागावू नये. तिथल्या राणीने, लिलिउओकलानीने, याच शब्दाचा ‘इथवर आलेली भेट’ असा जास्त शोभिवंत अर्थ लावला होता.

ती भेट आली उसामुळे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने हे जरूर ऐकावं. 23 ऑगस्ट 1879 रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूच्या बंदराला लागलं. त्यात पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची चारशेहून जास्त माणसं होती, बायकापोरांसकट. उसाच्या मळ्यांवर कराराने राबायला ती आली होती. करार पुरा होईपर्यंत मळा सोडायचा नाही, पळालं तर शिक्षा. उचल फिटेपर्यंत मुकादमाच्या शब्दाबाहेर जाता येत नाही, हे पाथर्डी-शेवगावच्या कोयत्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे 1950 साली लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला, त्याच्या सत्तर वर्षं आधीची ही गोष्ट. त्या जहाजात नुनेश, दियाश आणि एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. मळ्यावरून सुटल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि गावाकडचं चार तारांचं छोटं वाद्य तिथल्या कोआ नावाच्या लाकडात घडवायला घेतलं. राजा कलाकाउआला ते आवडलं, दरबारात गेलं, आणि पाहता पाहता बेटांचं स्वतःचं झालं. जात्यावरची ओवी जशी फुरसतीत जन्मली नाही, तसंच हेही वाद्य.

आता कामाचं. पहिली अडचण सुरात लावण्याची, आणि निम्मी माणसं इथेच गळतात. मोबाइलवरचं अ‍ॅप आहे, पण त्याहून सोपी सोय गावातल्या देवळात आहे: भजनी मंडळाची पेटी. पांढरी एकचा सा धरा. वाद्य वाजवायला घेतलं की नाकाजवळची तार प, पुढची सा, मग ग, आणि पायाकडची ध. चारही सूर एकाच सप्तकातले. गिटारीची सवय असलेला माणूस इथे फसतो, कारण त्याला वरची तार जाड हवी असते. उकुलेलेत जाड तार दुसरी. चारही तारा मोकळ्या छेडून बघा: सा, ग, प, ध. भूपातला रिषभ तेवढा राहिला. एरवी परका वाटणारा हा आवाज आपल्या कानाला पहिल्याच दिवशी ओळखीचा का वाटतो, ते मला पेटीजवळ बसल्यावर कळलं.

तारा नायलॉनच्या असतात आणि नव्या तारा ताणत राहतात. आठवडाभर दर दहा मिनिटांनी सूर उतरतो. मला वाटलं खुंट्याच खराब आहेत. परत पाठवायला खोकंही बांधून ठेवलं होतं. धीर धरा, तारा बसतात. न बसणारी गोष्ट म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात मी ते पत्र्याच्या खोलीत टांगून ठेवलं. एका दुपारी फाडकन आवाज झाला, आणि जाऊन बघतो तर तारा अडकवायची पट्टी डिंक सुटून लोंबकळत होती. सुताराने चिकटवून दिली. तेव्हापासून ते धान्याच्या कोठीमागे, भिंतीच्या गारव्याला असतं.

स्वरमेळ तीनच शिका. सी: पायाकडच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात अनामिका, संपलं. एफ: तर्जनी ग च्या तारेवर पहिल्या पडद्यात, मधलं बोट प च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात. जी सेव्हन: तर्जनी आहे तिथेच, मधलं बोट सा च्या तारेवर आणि अनामिका ध च्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या पडद्यात. एफवरून जी सेव्हनला जाताना तर्जनी उचलायचीच नाही, ही खूण मला कुणी सांगितली असती तर महिना वाचला असता. पुढे डी सेव्हन घ्या, हवाईत धरतात तसा: प आणि ग या तारा दुसऱ्या पडद्यात, बाकी दोन मोकळ्या. कडव्यांच्या मध्ये ते लोक डी सेव्हन दोन मात्रा, जी सेव्हन दोन मात्रा आणि सी चार मात्रा असा एक छोटा फेरा वाजवतात. तेवढ्यात गाणाऱ्याने श्वास घ्यायचा, नाचणारीने पाऊल सावरायचं.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. बोटांआधी तोंड. क्लासात पोराला तारा खाजवायला शिकवलं, गायला कुणी सांगितलंच नाही. म्हणून ते वाद्य माळ्यावर गेलं. हवाईच्या परंपरेत गाणं म्हणजे शब्द. वाद्य त्यांना टेकू द्यायला असतं, जसं शाहिराला तुणतुणं. संगमनेरच्या अनंत फंदीचं नाव राहिलं ते शब्दांमुळे.

आणि हे शब्द मराठी जिभेला अवघड नाहीत. त्या भाषेत स्वर पाच, ऱ्हस्व आणि दीर्घ; व्यंजनं इनमीन आठ: ह, क, ल, म, न, प, व आणि आठवा एक गळ्यातला झटका, ज्याला ओकिना म्हणतात. प्रत्येक अक्षर स्वरात संपतं, जोडाक्षर नाही. रोमन लिपीत वाचताना आपण इंग्रजी ढंगाने बिघडवतो, म्हणून पहिलं काम करा: गाणं वहीत देवनागरीत उतरवा. ओकिनाच्या जागी छोटी आडवी रेघ द्या आणि तिथे आवाज क्षणभर तोडा. हा झटका गाळला की अर्थ बदलतो. पाउ म्हणजे संपलं. पा-उ म्हणजे काजळी.

अर्थ समजून घेतल्याशिवाय एकही ओळ पाठ करू नका. त्यांच्या गाण्यांत पावसांना नावं असतात, वाऱ्यांना नावं असतात, आणि फुलाचं वर्णन चाललेलं असताना खरं बोलणं भलत्याच कुणाबद्दल असतं. त्या दडवलेल्या अर्थाला ते काओना म्हणतात. एकनाथांची भारुडं ऐकत वाढलेल्या माणसाला ही युक्ती नवी नाही. बऱ्याच गाण्यांत दोन-दोन ओळींची कडवी असतात, कडवं दोनदा म्हणतात, आणि ‘हा-इना’ शब्द आला की समजायचं, गाणं संपत आलं. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ आलं की टाळकरी सावरतात, तसंच.

शब्दांचा एवढा आग्रह का, तर ते जवळजवळ गेलेच होते. 1893 मध्ये लिलिउओकलानीला गादीवरून उतरवलं, 1896 च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली. 1978 मध्ये राज्यघटनेने तिला इंग्रजीच्या जोडीने मान दिला, तोवर घरात ती भाषा बोलणारी बहुतेक म्हातारी माणसंच उरली होती. मधल्या काळात कितीतरी कुटुंबांत ती जिवंत होती ती गाण्यांतून. म्हणून पर्यटकांसाठी लिहिलेल्या, नारळाच्या झाडाखालच्या इंग्रजी गाण्यांनी सुरुवात करू नका. ‘अलोहा ओए’ घ्या. खुद्द लिलिउओकलानीने 1878 मध्ये रचलेलं, संथ, निरोपाचं. चाल तुम्ही कुठेतरी ऐकलेली असणारच. मात्र देवादिकांचे मंत्र आणि जुनं हुला, जे दुधी भोपळ्याच्या वाद्यावर आणि ढोलावर चालतं, त्यात उकुलेले नसतंच. ते सोडून द्या. वाढदिवसाच्या केकसमोर आपण गोंधळ घालत नाही.

पट्टी गळ्याला जड गेली तर ओढाताण करू नका, जी, सी आणि डी सेव्हन या तीन मेळांत तेच गाणं बसवा. रोज वीस मिनिटं पुरतात. पहिले आठ दिवस वाद्याला हात न लावता फक्त टाळी वाजवून म्हणा. मग उजव्या हाताच्या तर्जनीने, नखाने खाली, पेराने वर, नुसती लय धरा. डावा हात सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे एक गंमत झाली. मी ओट्यावर बसून घोकत होतो, दोनदा कडवं, मग फेरा, पुन्हा कडवं. आई आत गहू निवडत होती. माझा फेरा चालू असताना तिने तेवढ्या मोकळ्या जागेत एक ओवी टाकली, माहेरच्या वाटेची. सीवरून एफवर गेलो तर ती बसली. तिला अशा किती येतात ते मी कधी विचारलंच नव्हतं. आता वही घेऊन बसतो, डाव्या पानावर हवाईचं, उजव्या पानावर तिचं. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, पण तुमच्या आईची त्यात असेलच असं नाही.

तर उद्या संध्याकाळी हरिपाठ सुटला की पेटीवाल्या बुवांना जरा थांबवून घ्या. पांढरी एक दाबून धरायला सांगा, मग ग, मग प, मग ध, आणि एकेक खुंटी पिळा. बुवा विचारतील हे काय आणलंय. सांगा, उसाच्या मळ्यातलं आहे.