पाणी सर्वांचे, पूल कोणाचा?

राकसकोप भरले की बेळगावकर सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मार्कंडेय फुगली की कंग्राळीच्या भातशेतीस धास्ती पडते. पण हे पाणी ज्या रानातून येते, त्या रानातील माणसांची आठवण आपणांपैकी किती जणांस होते? बैलूरच्या डोंगरात मार्कंडेय आणि कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यात, आमगाव हे चिमुकले मराठी खेडे आहे. २०१० साली तेथे १०,००० मिलिमीटरहून अधिक, म्हणजे सुमारे ४०० इंच पाऊस नोंदला गेला. पावसाची ही श्रीमंती गावाच्या वाट्यास मात्र कैद होऊन येते. नाले भरले की वाट बंद! २०२४ च्या पावसाळ्यात तेथील एका आजारी महिलेस गावकऱ्यांनी खांद्यावर वाहून जंगलाबाहेर आणले. हे एकविसाव्या शतकात घडले!

यावर सरकारचे उत्तर काय? तर गाव सोडा, मोबदला घ्या! २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांस याच मार्गाने बाहेर काढण्यास प्रारंभ झाला. स्वेच्छेने जाणाऱ्यांस आमचा विरोध नाही. त्यांस पुरता मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु आधी पूल द्यावयाचा नाही, रस्ता द्यावयाचा नाही, आणि जीव मेटाकुटीस आल्यावर पुढे केलेल्या कागदावरील अंगठ्यास ‘संमती’ म्हणावयाचे, हा कोठला न्याय?

अभयारण्य झाले २०११ साली. ही गावे त्याच्या कितीतरी आधीची आहेत. कायद्याची सबबही लटकी आहे. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेच्या शिफारशीने रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद करतो आणि ‘वनजमीन’ या शब्दात अभयारण्येही मोडतात. मुक्त व माहितीपूर्ण संमतीची अटही त्यातच आहे. शिवाय कळशाच्या कालव्यासाठी याच तालुक्याच्या रानात यंत्रे पोहोचलीच ना? २०१८ साली म्हादई लवादाने कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाणी दिले. पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजणाऱ्या राज्यकर्त्यांस नाल्यापलीकडची माणसे मोजता येऊ नयेत काय?

आमची मागणी स्पष्ट आहे. पुढील पावसाळ्यापूर्वी नाल्यांवर पादचारी पूल बांधावेत. पावसाळाभर गावात आरोग्यसेवक व औषधे ठेवावीत. वनहक्कांचे दावे आधी निकालात काढावेत, आणि पुनर्वसनाचा प्रत्येक कागद गावकऱ्यांस कळेल अशा मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. त्यानंतर जावे की राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कंग्राळी-बेळगावच्या बांधवांनो, डोंगरमाथ्यावरचा पाऊस आपण पितो. त्या पावसात अडकलेल्यांचा आवाज खाली आपल्यापर्यंत पोहोचत नसेल, तर तो उचलून सरकारदरबारी नेणे हे आपलेच कर्तव्य आहे.