कावीळ दिसेपर्यंत थांबायचं कशाला?

मिठी नदी माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीने दोन्ही काठ गिळले. पाणी ओसरलं, पण पुढच्या काही आठवड्यांत मुंबईची रुग्णालयं तापाच्या रुग्णांनी भरली. त्यात लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे लेप्टोचे, रुग्ण मोठ्या संख्येने होते.

उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. ताप येतो तो बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी. तोवर आपण गुडघाभर पाण्यातून घरी आलो होतो, हे माणूस विसरूनही गेलेला असतो. बहुतेक जण बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र संसर्गाशी लढणारं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं. हाच सेप्सिस. 2017 या एका वर्षात जगभरात त्याने सुमारे 1 कोटी 10 लाख बळी घेतले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये 2020 साली प्रसिद्ध झाला.

सेप्सिसमध्ये कोणते अवयव किती बिघडले, हे अतिदक्षता विभागात ‘सोफा’ गुणांवरून ठरतं. यकृतासाठी त्यात एकच मोजमाप आहे, काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन. ते डेसिलिटरला 1.2 मिलिग्रॅमवर गेलं की पहिला गुण, 12 वर गेलं की चार. पण बिलिरुबिन उशिरा चढतं. प्रयोगशाळेत रक्ताची नळी यंत्रात फिरवून बाहेर काढल्यावर वरचा फिका द्रव गडद पिवळा दिसतो, तोवर यकृताची हानी सुरू होऊन वेळ गेलेला असतो.

म्हणून त्याआधीची खूण रक्तात शोधण्याचं संशोधन जगभर चाललं आहे. काही खुणा तर रोजच्या तपासण्यांतच आहेत. लॅक्टेट साफ करण्याचं बरंचसं काम यकृताचं, त्यामुळे उपचार देऊनही ते उतरत नसेल तर सावध व्हायला हवं. रक्त गोठवणारा सातवा घटक यकृतात बनतो आणि काही तासांतच संपतो, म्हणून रक्त गोठण्याची चाचणी, पीटी-आयएनआर, लवकर बिघडते. अल्ब्युमिन मात्र रक्तात आठवडेच्या आठवडे टिकतं, त्यावरून यकृताची आजची स्थिती कळत नाही.

या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा पाया ‘मिमिक’ हा बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील नोंदींचा संग्रह आहे. तिथे लेप्टो आणि मलेरियाचे रुग्ण विरळाच. मुंबईचं चित्र निराळं आहे. विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम हजारांत जातं. लेप्टोमध्ये मात्र रुग्ण हळदीसारखा पिवळा झाला तरी ते बऱ्याचदा शे-दोनशेच्या आत राहतं. नुसता तो आकडा पाहून ‘लिव्हर फारसं बिघडलेलं नाही’ म्हणणं धोक्याचं आहे. सोबत प्लेटलेट उतरलेल्या असतील आणि मूत्रपिंडाची स्थिती सांगणारं क्रिएटिनिन चढलेलं असेल, तर रुग्णाला घरी पाठवू नये.

केईएम, नायर, शीव, कस्तुरबा आणि माहीमचं हिंदुजा यांच्याकडे दर पावसाळ्यात असे रुग्ण येतात. त्यांच्या पहिल्या दिवसाच्या रक्ताच्या नोंदी, नावं वगळून, एकत्र मांडल्या तर मुंबईकराच्या यकृताला धोका कोणत्या आकड्यापासून सुरू होतो ते मुंबईच्याच रक्तावरून ठरवता येईल. हे काम महापालिकेने पुढाकार घेऊन करावं.

त्यासाठी थांबण्याचीही गरज नाही. पावसाळी ताप घेऊन आलेल्या आणि साचलेल्या पाण्यातून चाललेल्या माणसाच्या सीबीसी, क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या तपासण्या पालिकेच्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत व्हाव्यात. ताप उतरला नाही तर एक-दोन दिवसांत त्या पुन्हा कराव्यात. एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्टांमधला फरक जास्त सांगतो.

आणि वाचकहो, पाण्यातून चालून आलात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारा. पुढे ताप आला, तर त्या पाण्याचा उल्लेख केल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.