पांढऱ्या झुरळाची गोष्ट

मोरीत पांढरे झुरळ दिसले, की लोक ‘ही वेगळी जात’ म्हणतात. बंधुभगिनींनो, जात तीच. त्याने नुकतीच कात टाकलेली असते. काही तासांत ते तपकिरी होते.

कीटकांच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. कवच अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून झुरळ आत नवे कवच घडवते, पाचक रसाने जुन्याचा आतला थर विरघळवते आणि तो माल पुन्हा वापरते. उरलेली कात पाठीवर फाटते.

या कातीचा आणि विष्ठेचा चुरा श्वासात गेला, की दमेकरी मुलांचा त्रास वाढतो. औषधाने झुरळ मरते, चुरा उरतो. म्हणून आम्ही सांगतो : कोपरे ओल्या फडक्याने पुसा, उष्टे उघडे ठेवू नका.