‘एमपी४ करून ठेवले’ म्हणजे जतन केले नव्हे: रुमाल, लिपी आणि चलच्चित्राचा अस्सल पुरावा

१/
‘जुन्या कॅसेटींची एमपी४ करून घेतली, आता चिंता नाही.’ ग्रंथालये, नाट्यसंस्था, गावोगावची इतिहास मंडळे यांच्याकडून हे समाधानाचे उद्गार सर्रास ऐकू येतात. या थ्रेडचे म्हणणे असे की, हे जतन नव्हे. बहुतेक वेळा ही साधनाची गुपचूप केलेली काटछाट असते, आणि ती करणाऱ्यालाच तिचा पत्ता नसतो.

२/
प्रथम दोन शब्द वेगळे करावे लागतील, कारण सगळा घोटाळा तेथेच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल ही बांधणी. आतल्या कागदाची लिपी ही निराळी गोष्ट. एकाच रुमालात मोडी पत्र निघते, बालबोध निघते, फार्सीही निघते. उलट एकच मोडी लिपी शेकडो रुमालांत सापडते. ‘रुमाल वाचता येतो का?’ हा प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरतो.

३/
व्हिडिओ फाइलचेही तसेच. एमपी४, एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही, एमएक्सएफ हे कंटेनर, म्हणजे रुमाल. एच.२६४, एमपीईजी-२, सिनेपॅक, एफएफव्ही१ हे कोडेक, म्हणजे चित्र कोणत्या लिपीत लिहिले आहे ते. ‘आमच्याकडे एमपी४ आहे’ असे सांगणारा फक्त रुमालाचा रंग सांगत असतो. आत काय आहे, किती आहे, कोणाला वाचता येईल, यांतले काहीच त्यातून कळत नाही.

४/
आता काटछाटीचा हिशेब. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या चित्रात दृश्य रेषा ५७६. त्या एकदम उमटत नाहीत. आधी एकाआड एक २८८ रेषा, मग उरलेल्या २८८. प्रत्येक अर्ध्या भागाला फील्ड म्हणतात. सेकंदाला अशी ५० फील्ड असतात आणि प्रत्येक फील्ड निराळ्या क्षणी टिपलेले असते. म्हणजे व्हीएचएस कॅसेटच्या एका सेकंदात काळाचे ५० क्षण आहेत.

५/
नव्वदीच्या दशकात व्हीसीडी आली. तिचे चित्र ३५२ गुणिले २८८, सेकंदाला २५ चित्रे, कोडेक एमपीईजी-१, वेग सेकंदाला ११५० किलोबिट. २८८ रेषांत बसवायचे म्हणजे दोन फील्डांपैकी एक बहुधा सरळ टाकून द्यायचे. पन्नासातले पंचवीस क्षण गेले. व्हीएचएसची आडवी स्पष्टता मुळातच बेताची असते, तेव्हा ३५२ ठिपके पुरतात, ही सबब मान्य करता येईल. टाकलेल्या क्षणांना मात्र कोणतीही सबब नाही.

६/
आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पाल चित्र आठ बिटांत, रंगाची नेहमीची ४:२:२ मांडणी ठेवून, न दाबता साठवले तर एका तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. व्हीसीडीवर त्याच तासाचे चित्र सुमारे ५१७ एमबीत बसवलेले असते. मूळाच्या एकशेचाळिसाव्या भागाहूनही कमी. उरलेले कोठे गेले? ते ‘डोळ्याला दिसणार नाही’ असे एका गणिती सूत्राने ठरवले आणि पुसले.

७/
हा ‘डोळा’ कोणाचा? घरी बसून चित्रपट पाहणाऱ्याचा. संशोधकाचा डोळा निराळा असतो. त्याला मोर्चातील मागच्या रांगेतला फलक वाचायचा असतो, दशावतारातील नटाच्या हातवाऱ्याचा नेमका क्षण पाहायचा असतो, मुलाखत देणाऱ्या वृद्धेच्या चेहऱ्यावरचा थबकलेला भाव टिपायचा असतो. लॉसी कोडेक सर्वांत आधी तेच टाकतो: बारीक अक्षर, जलद हालचाल, सावलीतील चेहरा.

८/
मराठी इतिहासलेखनाने अस्सल आणि नक्कल यांतला भेद शंभर वर्षांपूर्वीच शिकून घेतला होता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८ मध्ये काढला, तेव्हापासून बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान, हा दंडकच झाला. पत्राचा मायना गाळला, तिथी गाळली, ‘फालतू’ ओळी गाळल्या, तर संपादकावर आजही टीकेची झोड उठते. तोच अभ्यासक चलच्चित्राच्या बाबतीत मात्र गाळीव प्रत अस्सल म्हणून कपाटात ठेवतो. या विसंगतीला क्षमा नाही.

९/
पर्याय आहे, आणि तो जुना आहे. दाबूनही काहीच न गमावणाऱ्या कोडेकला लॉसलेस म्हणतात. मायकेल नीडरमायर यांनी २००३ मध्ये एफएफएमपीईजी या मुक्त प्रकल्पात एफएफव्ही१ तयार केला. त्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक ठिपक्याचा अंदाज डावीकडच्या, वरच्या आणि वर-डावीकडच्या शेजाऱ्यांवरून बांधायचा, आणि अंदाज जितका चुकला तितकाच फरक लिहायचा. अंदाज बहुधा जवळपास बरोबर असतो, म्हणून फरक लहान आणि फाइलही लहान. उलगडताना तोच अंदाज, त्यात तोच फरक मिळवला की मूळचे आकडे जसेच्या तसे परत. एकही बिट इकडे-तिकडे नाही.

१०/
जागा किती वाचते? चित्रावर अवलंबून आहे, पण न दाबलेल्या चित्राच्या निम्म्याच्या आसपास हा ढोबळ अंदाज धरावा. ७५ जीबीचे साधारण ३५-४०. व्हीसीडीच्या मानाने हे अवाढव्य वाटते. पण तुलना व्हीसीडीशी करायचीच नसते. पत्राच्या सारांशाला कागद कमी लागतो, म्हणून कोणी अस्सल पत्र जाळत नाही.

११/
यावर एक चतुर उत्तर येते: ‘एच.२६४ मध्येही लॉसलेस करता येते, तेच एमपी४ मध्ये ठेवा, सगळीकडे चालेल.’ पहिला भाग खरा, दुसरा खोटा. एच.२६४ चे लॉसलेस रूप त्याच्या ‘हाय ४:४:४ प्रेडिक्टिव्ह’ या प्रोफाइलमध्ये आहे. फोन, टीव्ही, संगणक यांच्या हार्डवेअर डीकोडरांना ते बहुतांशी येत नाही. फाइलचे नाव एमपी४, रुमाल ओळखीचा, आत न वाचता येणारी लिपी. ‘सगळीकडे चालते’ ही ख्याती रुमालाने कमावलेली नाही, आतल्या एका ठरावीक लिपीने कमावली आहे.

१२/
रुमालालाही स्वतःच्या अटी असतात. वेबएम हा मात्रोस्काच्याच वंशातला, पण तो व्हीपी८, व्हीपी९, एव्ही१ यांखेरीज दुसरे चित्र घेत नाही. त्यात एफएफव्ही१ ला प्रवेश नाही. न दाबलेला पीसीएम ध्वनी एमपी४ मध्ये ठेवण्याची रीतसर सोय मानकात २०२० मध्ये आली. मूळच्या एव्हीआयमध्ये चित्राची रुंदी-उंची कोणत्या प्रमाणात दाखवायची, हे नोंदवायला धड जागा नव्हती, म्हणून जुन्या फायलींत माणसे एकतर बुटकी दिसतात नाहीतर उंच. कोडेक उत्तम असूनही कंटेनर चुकला की पुरावा लंगडा होतो.

१३/
आता इतिहासाकडे. ॲपलचे क्विकटाइम १९९१ मध्ये आले, मायक्रोसॉफ्टचे एव्हीआय १९९२ मध्ये. त्यांत भरायला सिनेपॅक, इंटेलचे इंडिओ, पुढे सोरेन्सन असे कोडेक आले. त्या काळात ‘मोठ्या कंपनीचे आहे, टिकेल’ हाच व्यवहारी सल्ला होता. काय झाले पाहा. डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचे कारण देऊन विंडोज एक्सपीवरील स्वतःच्या प्लेअरला इंडिओ वापरण्यास बंदी केली. २०१९ मध्ये ॲपलच्या मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर बंद केले आणि त्याबरोबर सिनेपॅक, सोरेन्सन यांनाही निरोप दिला. स्वतःच्याच क्विकटाइमच्या रुमालातली जुनी लिपी ॲपलने वाचायची सोडली.

१४/
ती आज कोण वाचते? एफएफएमपीईजी आणि व्हीएलसी. एफएफएमपीईजीची सुरुवात फॅब्रिस बेलार यांनी २००० साली केली. कंपन्यांनी कुलूपबंद ठेवलेल्या कोडेकांची रचना त्यांच्या फायली उलगडून, ताडून, स्वयंसेवकांनी शोधून काढली. मोडीची बाराखडी कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणून कारकुनांची पिढी गेल्यावरही ती पुन्हा शिकता आली. सोरेन्सनची बाराखडी एका कपाटात होती, आणि ते कपाट बाहेरच्यांनी उघडले म्हणूनच त्या फायली अजून बोलतात. दर वेळी कोणी उघडायला येईल, असा भरवसा मात्र धरता येत नाही.

१५/
प्रतिपक्षाची बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या व्हिडिओसंग्रहासाठी लॉसलेस जेपीईजी २००० निवडले आणि ते एमएक्सएफ कंटेनरमध्ये ठेवले. गणिताच्या दृष्टीने त्यात खोट नाही. तेही बिटभर गमावत नाही. अडचण रुमालाची. एमएक्सएफचे मानक इतके सैल विणलेले की एका विक्रेत्याच्या यंत्राने बांधलेली फाइल दुसऱ्याच्या यंत्रात उघडेलच असे नाही. शेवटी संग्रहालयांसाठी एएस-०७ नावाचे वेगळे, घट्ट नियम लिहावे लागले. मोठा निधी आणि तज्ज्ञांचा ताफा असलेल्या संस्थेला हे झेपते. तालुक्याच्या वाचनालयाला झेपणार नाही.

१६/
व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन मीडियाटेकने दुसरी वाट धरली आणि एफएफव्ही१ स्वीकारला. मात्रोस्का हा कंटेनर २००२ च्या अखेरीस जन्मला. नाव रशियन बाहुलीत बाहुली असलेल्या मात्र्योश्कावरून. दोघांचेही जनक स्वयंसेवक. २०१५ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने ‘सेलर’ नावाचा गट त्यांच्यासाठी नेमला. एफएफव्ही१ चे वर्णन ऑगस्ट २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ म्हणून, तर मात्रोस्काचे ऑक्टोबर २०२४ मध्ये आरएफसी ९५५९ म्हणून प्रसिद्ध झाले. दोन्ही कोणालाही विनामूल्य वाचता येतात. एमपी४ चे मानक मात्र आयएसओकडून विकत घ्यावे लागते.

१७/
‘हौशी लोकांचे काम, संस्थेने त्यावर विसंबावे का?’ असे नाक मुरडणाऱ्यांनी एफएफव्ही१ ची तिसरी आवृत्ती पाहावी. प्रत्येक चित्राचे लहान तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यामागे ३२ बिटांची तपासणी-संख्या. डिस्कवर एक बिट जरी उलटला तरी कोणत्या चित्रातला कोणता तुकडा बिघडला, हे प्लेअरला कळते. शिवाय प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे लिहिलेले, त्यामुळे एकाचा बिघाड पुढच्यात पसरत नाही. नेहमीच्या एच.२६४ फाइलमध्ये एक चित्र शेजारच्या चित्रांवर अवलंबून असते. एक वाळवी लागली की अनेक चित्रे विद्रूप. कोणत्या बाजूचे काम हौशी, हे वाचकाने ठरवावे.

१८/
सेल्युलॉइडच्या बाबतीतही हाच मार्ग उपयोगी पडतो. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आज काही तुकडेच उरले आहेत. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, तोवर बरेच नष्ट होऊन गेले होते. उरलेली फिल्म ४के मध्ये स्कॅन केली की प्रत्येक चौकटीची एक डीपीएक्स फाइल होते. १० बिटांत एका तासाला चार टेराबाइटहून अधिक. रॉकुक्ड नावाचे साधन या लाखभर फायली एफएफव्ही१ मध्ये दाबून एका मात्रोस्कात बांधते, आणि हवे तेव्हा मूळच्या डीपीएक्स बिट न् बिट परत देते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ते वापरले आहे.

१९/
एक सावधगिरी, कारण लॉसलेस या शब्दाचाही बाजार मांडला जातो. कोडेक लॉसलेस असला तरी त्याच्या हाती दिलेले चित्र आधीच कापलेले असू शकते. ४:२:२ चे ४:२:० केले की उभ्या दिशेने निम्मा रंग गेला. १० बिटांचे ८ केले की छटा गेल्या. ‘रेघा दिसतात’ म्हणून दोन फील्ड एकत्र मिसळली की क्षण गेले. त्यानंतर एफएफव्ही१ त्या कापलेल्या चित्राचे मोठ्या निष्ठेने रक्षण करील. फाटक्या पत्राला सोनेरी चौकट.

२०/
‘इतकी जागा आणायची कोठून?’ शंभर तासांच्या कॅसेटी एफएफव्ही१ मध्ये साधारण चार टेराबाइटच्या एका डिस्कवर मावतात. दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवायची म्हणजे आणखी एक डिस्क. संकेतस्थळासाठी, व्हॉट्सॲपसाठी, सभागृहात दाखवण्यासाठी त्यातून एमपी४ काढावी, हवी तितकी काढावी. तिला कोणाचा विरोध नाही. विरोध आहे तो तीच एकमेव प्रत ठेवून कॅसेट रद्दीत देण्याला.

२१/
काम बाहेर देणाऱ्या मंडळांनी ठेकेदाराला चार गोष्टी विचाराव्यात. कोडेक कोणता आणि कंटेनर कोणता, वेगवेगळे सांगा. रंगाची मांडणी व बिट मुळाप्रमाणे ठेवले का? दोन्ही फील्ड शाबूत आहेत का? आणि प्रत्येक चित्राची एमडी५ यादी देणार का? ही यादी एफएफएमपीईजी ‘फ्रेमएमडी५’ने काढून देते. कॅसेटवरून प्रथम टिपलेल्या चित्राची यादी आणि हाती आलेल्या फाइलची यादी ओळीला ओळ जुळली, तरच प्रत अस्सल. हा पाठभेद तपासायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. दोन याद्या शेजारी धरता आल्या की पुरे. उत्तर ‘एमपी४ देतो, सगळीकडे चालते’ असे आले, तर कॅसेटी परत घेऊन यावे.